लोकल माल

२ फेब्रुवारी १९९३

पुण्याच्या कंपनीचा इंजिनियर आज परत गेला. जाताना ही डायरी देऊन गेला. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. छापलेल्या वारावर काट मारायची आणि फक्त तारीख धरायची, असं ठरवलं.

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आज मोठी गोष्ट झाली. नवा पॉवर सप्लाय, म्हणजे शून्यापासून तीस व्होल्टपर्यंत पाहिजे तेवढी वीज देणारी पेटी, लाकडी फळीच्या आडोशाला ठेवलेली आहे. तिला बोटाएवढी जाड केबल लावून ती भिंतीतून पलीकडच्या काचेच्या खोलीत नेली आणि कॉम्प्युटरला जोडली. भंगाळे सर तिकडे ए.सी.त बसले, बटण दाबलं आणि इकडे भिंतीवरच्या मोठ्या मीटरचा काटा चढत गेला. नॉबला कोणाचा हात नाही.

आजवर ह्या लॅबमध्ये नॉब मीच फिरवत आलो. सर रीडिंग सांगणार, मी फिरवणार. हळू, झटका न देता. झटका बसला की कॉइल जळते. कॉम्प्युटरनेही झटका दिला नाही, हे लिहून ठेवतो.

जरा मळमळलं. सकाळी शेवमुरमुरे खाल्ले होते, त्याने असेल.

मे अखेर मी रिटायर होतो. सर म्हणाले, "नाना, मेमध्ये समिती येईल. हे कॉम्प्युटरवर चालताना पाहिलं की प्रोजेक्ट मंजूर. त्यात मदतनीसाची जागा मागितली आहे, ती तुमची. तीन वर्षं काळजी नाही." घरी बायकोला सांगितलं. बेबाबाई म्हणाली, "कागद दिधा का?" कागद नाही. सरांचा शब्द आहे. बायकांना शब्दाची किंमत नसते.

३ फेब्रुवारी

संकल्प. एक, बिडी बंद. दोन, रोज पाच इंग्रजी शब्द पाठ करायचे, कारण पुढे कॉम्प्युटरवर बसावं लागणार. तीन, काळजी करायची नाही.

आजचे शब्द : एंटर, रिमोट. रिमोट म्हणजे लांबून. बाकीचे तीन उद्या.

संध्याकाळी एक बिडी ओढली. पाकिटात शेवटचीच होती, टाकून देणं बरं दिसलं नसतं.

५ फेब्रुवारी

घरच्या पंख्याचा रेग्युलेटर जळाला. हनीफच्या दुकानात नेला. हनीफ रेडिओ दुरुस्त करतो, माझा जुना दोस्त. त्याने उलटा करून पाहिला आणि हसला. "नाना, ये कहाँ से उठाया? लोकल माल है. एक उन्हाळा भी नहीं काढेगा." मी म्हणालो, दुकानदाराने कंपनीचा म्हणून दिला. हनीफ म्हणाला, "नाम मत देखो. पीछे देखो. असली बात पीछे लिखी रहती है."

हे पटलं. रेग्युलेटर त्याने दुरुस्त करून दिला. इंग्रजीचा नवा शब्द : लोकल. म्हणजे हलका, फसवा.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

लॅब बंद करताना नव्या सप्लायची धूळ पुसत होतो. समोरून रोज पुसतो. आज हनीफचं आठवलं म्हणून पेटी आणि फळीच्या फटीत डोकं घालून मागची बाजू पुसली. तिथे नखाएवढा सरकता खटका आहे आणि त्याच्या शेजारी लाल अक्षरात छापलंय : लोकल. एकेक अक्षर लावून वाचलं. दोनदा वाचलं. लोकलच.

एवढी मोठी कंपनी, एवढी पॉलिश, आणि मागे उघड लिहिलेलं. समितीची माणसं मागून बघणारच. लग्नात वरपक्षाच्या बायका भांडी उलटी करून नाव बघतात, तसली माणसं असतात ती. लोकल दिसलं की प्रोजेक्ट गेला, जागा गेली. सरांना सांगावं का? सरांनीच पसंत केलेलं मशीन आहे. त्यांचं तोंड उतरेल.

मग देवाने सुचवलं. खटका ज्या बाजूला सरकवावा, तिकडचा शब्द त्याच्याखाली झाकला जातो आणि दुसरा उघडा पडतो. मी तो लोकलवर सरकवला. लोकल झाकलं गेलं आणि पलीकडचा शब्द उघडा पडला : रिमोट. पाहुण्यांना आता रिमोटच दिसेल. कॉलेजची अब्रू वाचवली. कोणाला बोलायचं नाही.

९ फेब्रुवारी

सरांनी एंटर दाबलं. काटा हलला नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द. सर म्हणाले, टाइम आउट. म्हणजे काय विचारलं. "म्हणजे आपण विचारतो आणि सप्लाय उत्तर देत नाही."

मी नॉब फिरवला. लगेच काटा चढला. मला उत्तर देतो.

१३ फेब्रुवारी

टाइम आउट.

१९ फेब्रुवारी

सरांनी केबल बदलली. टाइम आउट. सर कपाळाला हात लावून बसले. मी चहा आणून दिला. म्हणाले, "नाना, पहिल्या दिवशी चालत होतं ना? तुम्ही पाहिलंत ना?" पाहिलं होतं. लोकल माल पहिल्या दिवशी चालतोच, पण हे मी बोललो नाही.

इंग्रजी शब्द राहिले आहेत. रविवारी पंधरा एकदम करणार.

२ मार्च

सरांनी फळीवरून वाकून, टॉर्च मारून मागची बाजू बघितली. सर म्हणाले, "रिमोट दिसतंय. म्हणजे खटका बरोबर आहे." सरांच्या नजरेला जे आलं नाही, ते समितीच्या नजरेला कुठून येणार? वेळेवर केलेलं काम असं असतं.

पण मशीन का चालत नाही? विचार केला. तीस वर्षं हात ओळखीचा झाला आहे. गाय नव्या माणसाला दूध देत नाही, त्यातलाच प्रकार. हा सप्लाय नवा आहे, तीस वर्षांचा नाही, हे लिहिताना लक्षात आलं. तरी मुद्दा बरोबर आहे.

११ मार्च

होळी होऊन गेली. पुण्याला पत्र गेलं. उत्तर नाही. बेबाबाईने विचारलं, "तुम्हनं मशीन बोलनं का?" नाही म्हटलं. "माणूस बोलस नई तं मशीन काय बोली." हे कोणाला उद्देशून, ते विचारलं नाही.

बिडी बंद करण्याचा दिवस गुढीपाडव्यावर नेला आहे.

२५ मार्च

काल पाडवा झाला. आता अक्षय्य तृतीयेला, आखाजीला नक्की.

४ एप्रिल

ऊन वाढलं. दुपारची वीज जाते. वीज नसली की कॉम्प्युटर बंद, सप्लाय बंद, सर घरी. मी लॅबमध्ये बसून असतो. आता खिशात कांदा ठेवायला सुरुवात केली. उन्हाळाभर ठेवावा, लू लागत नाही.

दुपारी काहीच झालं नाही. मागचा खटका बघून आलो. रिमोटच दिसतंय.

१५ एप्रिल

बेबाबाईने गोधड्यांचं गाठोडं नरडाण्याला पाठवून दिलं. नरडाणा तिचं माहेर. तिथे तिचा भाऊ चिंधा राहतो, त्याच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मे संपला की तिकडे जायचं, असं तिने परस्पर ठरवलं आहे. मी म्हणालो, जागा मिळणार आहे, तीन वर्षं. ती म्हणाली, "कसाले घोर करतस? तठे निंबडा शे, खाट शे, बठ्ठं शे." मी म्हणालो, तिथे कडुनिंबाखाली मी करू काय? ती म्हणाली, "आठे काय करतस? काहीच नई. तेच तठे करा."

थंडीला गोधड्या परत आणाव्या लागतील, तिला सांगून ठेवलं.

रात्री डावा हात जड वाटला. कुशीखाली आला होता.

२७ एप्रिल

आखाजीला बेबाबाई माहेरी गेली, अजून आली नाही. पितळी डबे, पाटा, देवघर घेऊन गेली. आखाजीला कोणी पाटा नेतं का?

घरात आवाज नाही. खिचडी लावली. खाली लागली.

बिडी : विषय बंद.

१० मे

समिती अठराला येणार. पुण्याचा इंजिनियर जूनशिवाय येत नाही. सर चार दिवस दाढी न करता येत आहेत. प्राचार्यांनी त्यांना बोलावून काय सांगितलं ते माहीत नाही, पण बाहेर आले तेव्हा चपला उलट्या घातल्या होत्या.

दुपारी सरांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. चपला काढून गेलो. दार लावलं. म्हणाले, "नाना, तुमचा हात किती स्थिर आहे?" मी हात पुढे धरला. थोडा हलत होता, ए.सी.मुळे.

सर म्हणाले, कॉम्प्युटर सप्लायला काही विचारणारच नाही असा प्रोग्रॅम करतो. पडद्यावर नुसते आकडे येतील. दार किलकिलं ठेवून मी मोठ्याने म्हणेन, आता दहा व्होल्ट. तुम्ही फळीमागे बसून नॉब दहावर न्यायचा. समिती काचेतून भिंतीवरचा मीटर बघेल. "एवढं एकदा पार पडू द्या. जूनमध्ये दुरुस्त करूनच घेऊ."

मला आनंद झाला. शेवटी माझ्यावरच आलं.

११ मे

सराव. सर ओरडतात, मी फिरवतो. बारा. अठरा. पाच. सर म्हणाले, "वा नाना, मशीनसारखं." एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

१४ मे

नवीन काळजी. शिंक आली तर? खोकला तर येतोच. बिडी आजपासून बंद, चार दिवसांपुरती. हनीफला विचारलं, खोकला दाबायला काय करावं. त्याने अद्रक दिलं आणि विचारलं, "किसके घर चोरी करना है?"

१८ मे. रात्री

झालं. सविस्तर लिहितो.

सकाळी दहालाच फळीमागे बसलो. समिती साडेबाराला आली, उशिरा. तीन साहेब. फळीमागे पंखा नाही. घाम नाकावरून नॉबवर पडत होता, शर्टाच्या बाहीने पुसत होतो. खिशात कांदा होताच.

सर म्हणाले, "आता पाच व्होल्ट." नेला पाचवर. "आता दहा." नेला. सगळं सुरळीत. मग एक साहेब म्हणाले, मी देतो आकडा. ते खुर्चीवर बसले आणि न बोलता टाइप करू लागले. मला काही ऐकू येईना. तोंडात अद्रक, कानात धडधड. तेवढ्यात सर ओरडले, "वा सर! सतरा दिलेत! सतरा!" मी सतरावर नेला. जरा उशीर झाला. साहेब म्हणाले, "थोडा वेळ घेतो." सर म्हणाले, "झटका बसू नये म्हणून, सर. तशी सोय केली आहे." खरं आहे. तशीच सोय आहे.

मग साहेबांनी उतरता आकडा दिला. सर ओरडले, "अरे वा, बारा!" साहेब म्हणाले, "प्रोफेसर, पडदा दिसतोय मला. एवढं ओरडता कशाला?" सर म्हणाले, ए.सी.चा आवाज असतो.

दुसरे साहेब लॅबमध्येच आले, मागोमाग सर. फळीच्या पलीकडे उभे. त्यांचे बूट खालून दिसत होते. मी श्वास धरला. ते म्हणाले, "कसला वास येतोय? कांद्याचा?" सर म्हणाले, "नवीन वायरींचं इन्सुलेशन आहे, सर. तापलं की येतो." साहेब म्हणाले, "इथे माणूस कोणी नाही?" सर म्हणाले, "नाही ना, सर. माणूस लागतच नाही. तीच तर गंमत आहे." साहेब म्हणाले, "एक्सलंट."

एक्सलंट हा शब्द माहीत आहे. उत्तम. फळीच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून म्हणाले. माझं काम इतकं साफ झालं की मी नाहीच, असं त्यांना वाटलं. सरांनी नंतर माझे दोन्ही हात धरले. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. माझ्याही, पण ते कांद्याचं.

जागा पक्की.

१९ मे

पाय आखडले आहेत. बेबाबाईला पत्र टाकलं : पाटा परत आण.

३१ मे

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, टॉवेल-टोपी. प्राचार्य म्हणाले, श्री. उखर्डू नाना म्हणजे लॅबचा कणा. मग वीज गेली. माइक बंद पडला, पुढचं ऐकू आलं नाही.

हा निरोप नावापुरता आहे. उद्यापासून जायचंच आहे.

१ जून

गेलो. हजेरीच्या वहीत नाव नव्हतं. सही केली नाही. धूळ पुसली. मागचा खटका पाहिला.

१४ जून

मंजुरी आली. प्राचार्यांनी पेढे वाटले. सर माझ्याकडे आले, पेढा हातात तसाच होता. म्हणाले, "नाना, एक झालं. समितीने शेरा मारला. ही व्यवस्था चालवायला माणूस लागत नाही, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. म्हणून मदतनीसाची जागा कमी केली." मी विचारलं, कोणी पाहिलं? सर म्हणाले, "त्या दुसऱ्या साहेबांनी. लॅबमध्ये आले होते ते."

मी म्हणालो, मी तिथेच होतो.

सर म्हणाले, "तेच तर. तुम्ही इतकं छान केलंत ना, नाना..." पेढा मला दिला. खाल्ला.

१५ जून

रात्रभर विचार केला. शेरा काही का असेना, कॉम्प्युटरचं सप्लायशी बोलणं अजून बंद आहे. प्रोजेक्ट तर सुरू होणार. म्हणजे तीन वर्षं रोज कोणाला तरी फळीमागे बसावंच लागणार. सरांचा नाइलाज आहे. जागा कागदावर नसेल, पण आहे. समजायला थोडा वेळ लागला इतकंच.

आत एक छोटा पंखा मागून घ्यावा. आणि बसायला उशी.

२२ जून

पुण्याचा इंजिनियर आला. तोच, डायरीवाला. पेटी उघडलीही नाही. फळीमागे शिरला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "सर, हे लोकलवर कोणी टाकलं?"

सर म्हणाले, लोकलवर कुठे? रिमोट दिसतंय की. इंजिनियर हसला. म्हणाला, "जो शब्द झाकला जातो, तो चालू, सर. उघडा दिसतो तो बंद. खटका लोकलवर असला की मशीन फक्त समोरच्या नॉबचं ऐकतं. केबलवरून कितीही विचारा, उत्तर देणार नाही." आणि नखाने खटका सरकवला. टिक.

सर आत गेले. एंटर दाबलं. काटा चढला. दहा. सतरा. बारा. कोणी ओरडलं नाही.

इंजिनियर म्हणाला, मी तर बरोबर लावून गेलो होतो. सर म्हणाले, कोणाचा तरी हात लागला असेल. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी फक्त पुसतो. खरंच आहे ते.

लोकल म्हणजे काय, हे इंजिनियरला सहज म्हणून विचारलं. म्हणाला, "लोकल म्हणजे जागच्या जागी, नाना. जवळच्या माणसाच्या हाताने." मग हलका माल? "तो बाजारातला अर्थ. इथे तसं काही नाही."

निघताना खटका बघितला नाही. पुसलंही नाही.

२३ जून

गेलो नाही.

२४ जून

हनीफकडे दिवसभर बसलो. त्याने दोन रेडिओ उघडले, एक बंद केला. निघताना म्हणाला, "नाना, रेग्युलेटर चल रहा है ना? वो लोकलवाला?" चालतो आहे म्हटलं.

२९ जून

सामान बांधलं. जास्त नव्हतंच. बेबाबाईने आधीच नेलं होतं.

१८ जुलै. नरडाणा

इथे बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही. निंबडा आहे. खाट आहे. दुपारी गाडी जाते तिचा आवाज येतो.

संध्याकाळी चिंध्याच्या खोलीत सगळे टीव्ही बघतात. आवाजाचा नॉब ढिला आहे, घाईने फिरवला की कानठळ्या बसतात किंवा एकदम बंद. आल्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. बेबाबाई खाटेवरून म्हणते, "आवाज वाढाडा." उठतो, वाढवतो. "बस." बसतो. जाहिराती लागल्या की, "कमी करा."

आज खुर्ची टीव्हीच्या शेजारीच ओढून घेतली. उठबस वाचते. चिंधा म्हणाला, "दाजी, तुम्ही शेतस तं बरं शे. नईतं रिमोटवाला लेना पडता."

सगळे हसले. मला बरं वाटलं. मग बातम्या लागल्या.

"कमी करा."

केला. हळू, झटका न देता.